समोरच्या चार खाटा

भिंगारदिवे सिस्टर शेळीची गोष्ट सांगायला लागल्या की श्वास जपून घ्यावा, असं आम्ही कॅम्पच्या दवाखान्यातली माणसं एकमेकांना बजावत असू. गोष्ट त्यांच्या मावशीच्या शेळीची होती. ती शेळी दावं तोडून नदीच्या बाजूला गेली, मावशी तिच्यामागे गेली, वाटेत अमका भेटला, तमका भेटला. सिस्टर समोरच्याचं मनगट हातात धरून हे सगळं अगदी सावकाश सांगायच्या आणि आपण मुकाट्याने ऐकत राहायचो. एक मिनिट झालं की गोष्ट जिथे असेल तिथे थांबायची आणि त्या म्हणायच्या, "चोवीस. धावत आलात, का घरी भांडून?" आपले श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस नीट श्वास घेत नाही, म्हणून त्याला गोष्टीत गुंतवायचं, अशी ती युक्ती होती. रोग्यांवर ती चालवणं समजू शकतो. पण त्या ती डॉक्टरांवर, आयांवर, पाण्याच्या टँकरवाल्यावर आणि माझ्यावरही चालवायच्या. शेळीचं पुढे काय झालं ते मला अजूनही माहीत नाही.

मी तिथे कंपाउंडर होतो. घर कुळगाव-बदलापूरला आणि नोकरी कॅम्पात. लढाई संपून लष्कर निघून गेलं होतं, मागे बराकी राहिल्या होत्या, आणि त्या बराकींत सिंधमधून आलेली माणसं आणून ठेवली होती. एकेका बराकीत गोणपाटाचे नाहीतर जुन्या साड्यांचे पडदे लावून कितीतरी संसार मांडलेले असायचे. गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं तरी आमच्या तोंडी कॅम्पच राहिलं. दवाखानाही अशाच एका लांबलचक बराकीत होता. दोन्ही भिंतींना बारा-बारा खाटा, एका टोकाला पुढचं दार आणि सिस्टरांचं टेबल, दुसऱ्या टोकाला मागचं दार आणि बाहेर नळ. माझ्या औषधाच्या खोलीला एक खिडकी होती आणि ती वॉर्डात उघडायची. बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवता चिकटवता मला सगळा वॉर्ड दिसायचा. सिस्टरांबद्दल मला जे ठाऊक आहे ते बहुतेक त्या खिडकीतून पाहिलेलं आहे.

त्या नगरकडच्या, ख्रिस्ती घरातल्या. मिशनच्या इस्पितळात शिकलेल्या आणि लढाईच्या काळात तीन वर्षं लष्कराबरोबर आसामकडे काढलेल्या. तिकडचं त्या काही बोलत नसत. एकदा आमच्या सखू आयाने धीर करून विचारलं, "सिस्टर, तुमचं लग्न?" त्या म्हणाल्या, "ठरलं होतं. राहिलं." आणि त्याच दमात म्हणाल्या, "नऊ नंबरला भांडं द्या." सखूने पुन्हा विचारलं नाही. बुटक्या, काळ्यासावळ्या, बांध्याने घट्ट. कार्बोलिक साबणाने कोपरापर्यंत हात धुवायची इतकी सवय की त्या खोलीत येण्याआधी वास यायचा. जेवण उभ्याने. भाकरी, वर तळलेली मिरची, आणि डोळे वॉर्डावर. चिडल्या किंवा घाईत असल्या की नगरची बोली बाहेर पडायची.

"बिचारा" हा शब्द त्यांना अजिबात खपत नसे. भेटायला आलेला एखादा नातेवाईक खाटेशी उभा राहून "बिचारा" म्हणाला की त्याची रवानगी थेट बाहेर. दुसरं म्हणजे, "बरं होईल" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. लोक पाया पडून विचारायचे, अदी, बचेगा ना? सिंधी बायका मोठ्या बहिणीला अदी म्हणतात, आणि भिंगारदिवे हे नाव काही त्यांच्या जिभेवर बसण्यासारखं नव्हतं. सिस्टर त्यांच्या लष्करी हिंदीत सांगायच्या, "अभी जिंदा है. शाम का शाम को बोलूँगी." मला हे फार कोरडं वाटायचं. मी त्यांच्या पाठीमागे खुशाल सांगायचो, होईल हो बरं, काळजी नको. मला त्याला काय लागत होतं?

आता त्या चार खाटांबद्दल. अतिदक्षता विभाग वगैरे शब्द तेव्हा कुणी ऐकले नव्हते. आमच्याकडे ऑक्सिजनचा एक सिलिंडर, सलाइनच्या बाटल्या टांगायला दोन स्टँड आणि सिस्टरांचे दोन डोळे, एवढी सामग्री होती. त्यांनी आल्या आल्या एक शिस्त लावली. टेबलासमोरच्या पहिल्या चार खाटा अगदी अवघड रोग्यांसाठी. ज्याचं बिघडलं त्याला उचलून पुढे आणायचं आणि दर पंधरा मिनिटांनी त्याची नाडी बघायची. सुधारला की मागे न्यायचं आणि खाट मोकळी करायची. लष्करात असंच करतात म्हणे. त्या चार खाटांवर त्यांनी जे केलं ते करायला आज काचेची खोली आणि दहा माणसं लागतात.

एक उदाहरण सांगतो. बारवी नदीच्या काठच्या एका पाड्यावरून हिरामण नावाचा शेतकरी आणला होता. पायात खिळा गेलेला, धनुर्वात झालेला. जबडा आवळलेला, आणि जरा आवाज झाला की सगळं अंग कमानीसारखं वाकायचं. त्याची बायको एका कोपऱ्यात बसून विचारत होती, "बाय, माजा धनी कवा उठल?" सिस्टरांनी त्याला दोन नंबरवर घेतलं, भोवती काळी घोंगडी टांगली, आम्हाला चपला काढायला लावल्या. माझ्या खलबत्त्यालाही बंदी. सगळं झालं, पण समोरच्या बराकीत एक सिंधी गृहस्थ पत्र्याच्या ट्रंका ठोकून बनवायचा. सकाळपासून ठाण ठाण. मी जाऊन सांगितलं, सखूने सांगितलं, तो ऐकेना. "मेरा धंदा है, साईं."

सिस्टर गेल्या आणि काही न बोलता त्याला मनगटाला धरून घेऊन आल्या. घोंगडीच्या फटीतून आत बघायला लावलं, आणि हातातला चमचा फरशीवर टाकला. एवढासा आवाज. हिरामणचं अंग खाटेवरून वर उचललं गेलं, टाच आणि डोकं एवढंच टेकलेलं. तो ट्रंकवाला भिंतीला धरून बाहेर गेला. मलाही ते आवडलं नाही. रोग्याला मुद्दाम त्रास दिला, असं मी त्यांना बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "एकदा झाला. ह्यो ठोकत बसला असता तर दिवसाला दोनशेदा झाला असता." ट्रंकवाल्याने अकरा दिवस हातोडी उचलली नाही. उलट दारासमोर बाजेवर बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंडावर बोट ठेवून दटावायचा. हिरामण जगला. सुधारल्यावर शिस्तीप्रमाणे मागे एकवीस नंबरवर गेला आणि तिथून मागच्या दाराने आपल्या पाड्याला गेला.

इथवर माझा उल्लेख फक्त खिडकीपुरता आहे. तो तसाच ठेवता आला असता तर बरं झालं असतं.

दवाखान्यासमोर चहाची टपरी होती. एका आठवड्यात त्या चार खाटांवरची तिघं गेली होती, उन्हाळा होता, मी वैतागलेलो होतो. चहावाल्याने विचारलं, नव्या पेशंटला कुठे ठेवलं? मी म्हटलं, "पहिले चार में. वो चार खाट मतलब सीधा ऊपर का टिकट." टपरीवरची चार-पाच माणसं हसली. मला चांगलं वाक्य जमल्याचा आनंद झाला. आठ दिवसांत ते वाक्य सगळ्या बराकी फिरून आलं, आणि परत आलं तेव्हा त्यात विनोद राहिला नव्हता.

लोक रोग्याला पुढे आणू देईनात. एका म्हातारीने नातवाच्या खाटेवर स्वतःला आडवं टाकलं. एकाने बापाला खांद्यावर घेऊन मागच्या दाराने पळ काढला. पुढच्या खाटेच्या पायांना कुणी काळे दोरे बांधून जायचं, कुणी खाली लिंबू ठेवायचं. सिस्टर रोज सकाळी दोरे कापायच्या आणि लिंबं स्वयंपाकघरात पाठवायच्या. मग त्यांनी एक उपाय काढला. दुपारी त्यांना तासभर सुट्टी असायची. त्या वेळात सगळ्या वॉर्डादेखत त्या तीन नंबरच्या खाटेवर जाऊन झोपल्या. चांगल्या घोरल्या. उठून चादर बदलली आणि कामाला लागल्या. असं त्यांनी पंधरा दिवस केलं. लोकांवर काडीचा परिणाम झाला नाही. एक बाई मला समजावून सांगत होती, "अदी को क्या होगा? वो तो सरकारी है." मी हे सिस्टरांना सांगितलं तेव्हा त्या एवढ्या हसल्या की टोपी सरळ करावी लागली. त्यांना इतकं हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

हसण्यासारखं इथपर्यंतच होतं. लोक आता नकार देत बसत नव्हते. ते लपवायला लागले होते.

सतरा नंबरवर देवकी म्हणून एक मुलगी होती. वीस-एकवीस वर्षांची. नवरा अंबरनाथला काड्यापेटीच्या कारखान्यात कामाला, सासू गोपीबाई तिच्यापाशी बसून असायची. देवकीला टायफॉइड. टायफॉइडचं नवं औषध मुंबईत आल्याचं आम्ही ऐकून होतो, आमच्यापर्यंत ते पोचलं नव्हतं. एकवीस दिवस रोग्याला सांभाळायचं, हाच उपचार. गोपीबाईचा नवरा आदल्या वर्षी आमच्याकडेच गेला होता, तीन नंबरवर. ती सुनेचं सगळं स्वतः करायची. अंग पुसायची, केस विंचरायची, आणि शेवटी शेवटी तर शौचाचं भांडंही आयाला उचलू देईना. "मैं धोती हूँ, तू बैठ." सखूला दुसऱ्याने काम केलेलं कधी नको असायचं? तिने काही मनावर घेतलं नाही.

एके दिवशी सकाळी देवकीचा ताप एकदम उतरला. एकोणीस दिवस चढलेला ताप, आणि थर्मामीटरचा पारा निरोगी माणसासारखा. नवरा घरी धावत जाऊन ताहिरी घेऊन आला. ताहिरी म्हणजे त्यांचा केशरी गोड भात. गोपीबाईने वाटीभर मला खिडकीतून दिला. वाटी देऊन ती जवळजवळ धावतच खाटेकडे परतली. मला वाटलं, आनंदाने. मी खाऊ लागलो. इतक्यात सिस्टर आल्या; त्या आठवड्यात त्यांची दुपारची पाळी होती.

"कशाचं गोड?"

"सतरा नंबरचा ताप उतरला. एकदम नॉर्मल."

"कितवा दिवस?"

"एकोणिसावा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की घास तोंडातच राहिला. मग त्या सतरा नंबरकडे गेल्या. पळाल्या नाहीत, वॉर्डात पळालेलं त्यांना चालत नसे. देवकीच्या खाटेवर टेकल्या, मनगट हातात घेतलं आणि शेळीची गोष्ट सुरू केली. शेळी दावंही तोडू शकली नाही. अर्ध्या मिनिटातच गोष्ट थांबली. देवकीची नाडी एकशे चाळीसवर गेली होती आणि ओठ कागदासारखे झाले होते. टायफॉइडमध्ये तिसऱ्या आठवड्यात ताप असा धाडकन उतरला आणि नाडी वर चढली, तर त्याचा अर्थ आतडं आतून वाहतंय. हे मलाही शिकवलं होतं. वाटी हातात आली तेव्हा ते आठवलं नाही.

"अम्मा, भांडं कुठं हाय? बर्तन किधर है?"

गोपीबाईची नजर मागच्या दाराकडे गेली. सिस्टर मागच्या दाराने नळावर गेल्या. नळाच्या मागे मातीत एक खड्डा होता, वर विटा ठेवलेल्या. त्यांनी वीट उचलली. परत आल्या तेव्हा गोपीबाई त्यांच्या पायांशी बसली होती. "कल से काला जा रहा है, अदी. रात से लाल. मैंने छुपाया. आप उसको उधर ले जाते. उधर मत ले जाओ. मेरा घरवाला उधर से उठा नहीं."

"नहीं ले जाती," सिस्टर म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "भाऊ, या इकडं. टेबल उचला."

असं ते टेबल आम्ही दोघांनी उचलून बराकीच्या एका टोकापासून सतरा नंबरपर्यंत नेलं. वरची शाईची दौत, तक्ते, ट्रे सगळं सांडत सांडत. देवकीला आता इंचभरही हलवण्यात धोका होता, आणि तिला भीती वाटण्यातही होता. खाटेच्या पायथ्याशी विटा घातल्या, पोटावर बर्फाची पिशवी, सलाइन, मॉर्फियाचं इंजेक्शन. रक्त देण्याची सोय आमच्याकडे नव्हती आणि मुंबईला नेण्याइतका वेळ तिच्याकडे नव्हता. सिस्टरांनी गोपीबाईला बाहेर घालवलं नाही. तिची दोन बोटं धरून देवकीच्या मनगटावर ठेवली आणि सांगितलं, "ये चल रहा है ना? भागने लगे तो मेरेको बोलना. पानी माँगेगी, देना नहीं. एक चम्मच भी नहीं." देवकी सारखी पाणी मागत होती. गोपीबाई एका हाताने नाडी धरून, दुसऱ्या हाताने स्वतःचं तोंड दाबून बसली होती. तिने एक थेंब दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास देवकी गेली.

नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. गोपीबाई मात्र उठली, टेबलापाशी आली आणि तिने अगदी सरळ आवाजात विचारलं, "अदी, मैं परसों ही बता देती तो?"

आमचे डॉक्टर शेजारीच होते. ते स्वतः सिंधमधून सगळं सोडून आलेले, मवाळ मनाचे. त्यांनी तोंड उघडलं, पण ते काही म्हणायच्या आत सिस्टरांनी उत्तर दिलं.

"हाँ अम्मा. परसों बताती तो शायद बचती. शायद."

डॉक्टर बाहेर येऊन त्यांच्यावर चिडले. "क्या ज़रूरत थी, सिस्टर? झूठ बोल देतीं." सिस्टर म्हणाल्या, "उसने पूछा, साहब." मीही मनातून संतापलो होतो. पण माझं कारण वेगळं होतं. गोपीबाईने विचारलेला प्रश्न मीही कालपासून स्वतःला विचारत होतो, आणि मला "तरी गेलीच असती" हे उत्तर हवं होतं. ते मिळालं असतं तर मी घरी जाऊन जेवलो असतो.

दोन दिवस मी ते तसंच रेटलं. तिसऱ्या दिवशी हात धुवायच्या मोरीपाशी त्यांना गाठून सांगून टाकलं, की ते तिकिटाचं वाक्य माझं आहे. त्या साबण लावतच राहिल्या.

"ठाऊक हाय मला. चहावाला तुमच्या आवाजात म्हणून दाखवतो."

"मग मला बोलला का नाहीत?"

"बोलून काय? तुम्ही तोंड पाडून बसला असता. मला औषधं वेळेवर पायजे होती." मग हात पुसत म्हणाल्या, "लोकं एका वाक्याला इतकी भीत न्हाईत, भाऊ. त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. मेलेलं माणूस पुढच्या दारानं, चाललेलं माणूस मागच्या दारानं. हिरामण मागून गेला, कुणाला दिसला? त्यो पुढच्या खाटेवर होता हे कुणाला आठवतंय? ही मांडणी कुणाची? माझी. तुम्ही नुस्तं त्याला नाव दिलं."

त्यांनी मला मोकळं केलं असं समजण्याची चूक मी तेव्हा केली. आता वाटतं, त्यांनी फक्त आपला वाटा उचलला. माझा माझ्याकडेच ठेवला.

त्या दिवसापासून नियम बदलला. पुढच्या खाटेवर सुधारलेला रोगी मागे जाणार नाही. तिथेच उठून बसेल, तिथेच पेज पिईल, आणि घरी जाईल तो पुढच्या दाराने, सगळ्यांसमोरून, स्वतःच्या पायांनी. खाटांची ओढाताण व्हायची, डॉक्टर कुरकुरायचे. सिस्टर ऐकत नसत. फरक पडला, पण मुंगीच्या पावलांनी. आता कुणी रोग्याला पळवत नव्हतं. पण खरं सांगतही नव्हतं. काल किती उलट्या झाल्या विचारलं की एक सांगायचे, आणि बादलीत चार असायच्या. सिस्टरांना उलटतपासणी करणाऱ्या वकिलासारखं तासन् तास बोलावं लागायचं. त्या कधी थकलेल्या दिसल्या तर याच कामाने. "मला अर्धी माहिती देतात आणि सगळा माणूस वाचवायला सांगतात," असं एकदा त्या म्हणाल्या. तक्रार अशी त्यांच्याकडून मी हीच ऐकली.

गोपीबाई पुन्हा दवाखान्यात आली नाही. ती फाटकाच्या थोडी पुढे पापड विकायला बसायची. सिस्टर रोज तिच्या समोरून जायच्या. ती मान फिरवून बसायची, त्या थांबायच्या नाहीत. दीड वर्ष असं चाललं होतं.

मग सिस्टरांना बदलीचा हुकूम आला. दूर कुठल्या तरी प्रांतात पुराने गावं वाहून गेली होती, हजारो माणसं तंबूंत होती, आणि अशा ठिकाणी काम केलेली परिचारिका पाहिजे होती. त्यांनी दोन दिवसांत सगळं आवरलं. जायच्या दिवशी सकाळी त्या वॉर्डात आल्या तेव्हा मी ओळखलंच नाही. अंगावर हिरवं लुगडं होतं. पांढऱ्याशिवाय दुसऱ्या रंगात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. एक ट्रंक, एक वळकटी. दाराशी सरकारी जीप उभी होती आणि ड्रायव्हर घड्याळ बघत होता, कारण कल्याणहून गाडी पकडायची होती. नव्या सिस्टर हजर झाल्या होत्या. निरोपाचं भाषण वगैरे काही झालं नाही. डॉक्टर दोन शब्द बोलायला गेले, तर त्यांनी त्यांचं मनगट धरलं. डॉक्टर हात सोडवून घेऊन हसायला लागले आणि डोळे पुसायला लागले.

तेवढ्यात पुढच्या दारातून गोपीबाई आत आली. एकटी. काखेत गाठोडं, तोंड लाल, चालताना भिंतीचा आधार घेत. ती सिस्टरांपाशी थांबली नाही. तीन नंबरची खाट रिकामी होती. ती सरळ जाऊन तिच्यावर बसली आणि गाठोडं उशाला ठेवलं. खाटांशी बसलेल्या बायका उभ्या राहून बघायला लागल्या.

"अदी," ती म्हणाली. तिचा आवाज मुळात मोठा, आणि त्या दिवशी तिने तो मुद्दाम आणखी मोठा केला होता, हे माझ्या खिडकीतून स्पष्ट कळत होतं. "परसों से बुखार है. छाती में इधर दुखता है. खाँसी में खून आया, कल दो बार, आज एक बार. रात को उलटी हुई, तीन बार. मैंने बेटे को भी बताया. मैंने कुछ नहीं छुपाया. सब लिख लो."

सिस्टरांनी नव्या सिस्टरांच्या हातातला तक्ता घेतला आणि उभ्या उभ्या सगळं लिहून घेतलं. कधीपासून, किती वेळा, कुठल्या बाजूला. गोपीबाईने एकेका प्रश्नाला नेमकं उत्तर दिलं. न्यूमोनिया होता. पेनिसिलीन तोवर आमच्याकडे मिळायला लागलं होतं. पहिलं इंजेक्शन सिस्टरांनी स्वतः दिलं. गोपीबाई त्यातून उठली आणि पुढच्या दाराने घरी गेली, पण ते नंतर. त्या वेळी सिस्टरांनी फक्त तक्ता खाटेला अडकवला, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि क्षणभर तसाच राहू दिला. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. मी मात्र रडत होतो, आणि हे सांगायला मला आज काही लाज वाटत नाही.

मग त्या निघाल्या. ट्रंक जीपमध्ये चढली होती. त्यांनी वळकटी उचलून दाराबाहेर एक पाऊल टाकलं होतं, तेव्हा मागून, अकरा नंबरपासून, एक बाई चाचरत म्हणाली, "अदी... मेरी बच्ची को भी कल से..." आणि तिच्या पलीकडून दुसरी, "अदी, मेरे आदमी का भी मैंने पूरा नहीं बताया."

सिस्टरांनी वळकटी उंबऱ्यावर ठेवली. जीपचा हॉर्न वाजला. त्या अकरा नंबरकडे चालायला लागल्या होत्या, हिरव्या लुगड्यात, माझ्याकडे पाठ. हॉर्न पुन्हा वाजला तेव्हा त्यांनी मागे वळून न बघता नुसता हात वर केला, की थांब.